खानदेशातील परसबागेत सर्पगंधा दरवर्षी का पिवळी पडते?

सर्पगंधेचे रोप मृगाच्या पावसानंतर आणून लावावे, श्रावणात ते तरारावे, दिवाळीपर्यंत पानांची हिरवी तकाकी टिकावी, आणि होळी उलटली की तीच पाने एकेक करून पिवळी पडत आखाजीपर्यंत कुंडीत नुसत्या काड्या उराव्यात, असा अनुभव जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ही वनस्पती लावणाऱ्या ज्यांना ज्यांना आला असेल, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. यावल तालुक्यातील माझ्या परसात सलग तीन उन्हाळे मी अशीच रोपे गमावली. प्रत्येक वेळी दोष उन्हाला दिला, पुढच्या पावसाळ्यात नवी रोपे आणली आणि तीच चूक पुन्हा केली.

चूक होती ती निदानाची. सर्पगंधेचे पिवळेपण हा एक रोग आहे असे आपण धरून चालतो. पण चार-पाच अगदी वेगळ्या कारणांनी तिची पाने पिवळी पडतात, आणि त्या सगळ्यांवर आपण पाणी वाढवणे हा एकच उपाय करतो. आपल्याकडे ही वनस्पती उन्हाने जेवढी मरत नाही, तेवढी या वाढवलेल्या पाण्याने मरते, असे आता मी खात्रीने म्हणू शकतो.

मुळात ही कोणत्या जागेची वनस्पती आहे

सर्पगंधा हे उंच झाडांच्या खाली, दमट सावलीत वाढणारे लहान झुडूप आहे. त्याची उंची साधारण दोन-अडीच फुटांच्या आतच राहते. हिमालयाच्या पायथ्याचा तराईचा पट्टा, आसाम, कोकण आणि पश्चिम घाट ही तिची नैसर्गिक घरे आहेत. तिथे जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर असतो, त्याखालची माती भुसभुशीत आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि वरून ऊन गाळून येते. आता आपल्याकडचे चित्र पाहा. जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याही पुढे जातो, तापीकाठची माती काळी, चिकट आणि चुनखडीयुक्त असते, तिचा पीएच आठच्या आसपास किंवा त्याहून वर असतो, आणि बोअरचे पाणी एवढे जड असते की कुंडीच्या काठावर दोन महिन्यांत पांढरा थर धरतो. म्हणजे माती, पाणी आणि हवा या तिन्ही गोष्टी तिच्या घरापेक्षा वेगळ्या आहेत. तरीही ती येथे चांगली जगते. मात्र कोणती गोष्ट तिला केव्हा बाधते, हे ओळखता आले पाहिजे.

पाने तपासण्याआधी एक खात्री अवश्य करून घ्यावी. रोपवाटिकेतून सर्पगंधा म्हणून मिळालेले रोप पुष्कळदा तिची अमेरिकेतून आलेली बहीण असते. माझ्याकडे आलेल्या पहिल्या पाच रोपांपैकी दोन तशीच निघाली, आणि ती भर उन्हात, काळ्या मातीत, काहीही न करता माणसाच्या छातीएवढी वाढली, तेव्हा खऱ्या सर्पगंधेलाच काहीतरी झाले आहे असा माझा उलट समज झाला. त्या दुसऱ्या झाडाच्या प्रत्येक पेरावर बहुधा चार पाने असतात आणि त्यांतली दोन मोठी तर दोन ठळकपणे लहान असतात. फुले बारीक, हिरवट पांढरी असतात आणि फळे आधी लाल होऊन मग काळी पडतात. खऱ्या सर्पगंधेला पेरावर बहुतेक वेळा तीन पाने येतात, ती लांबट, टोकदार आणि आकाराने जवळजवळ सारखी असतात. तिची फुले पांढरी, खालच्या नळीवर गुलाबी झाक असलेली, आणि त्यांचे देठ व पुष्पकोश लालभडक असतात. तो लाल देठ एकदा पाहिला की पुन्हा चूक होत नाही. दोन्ही झाडे विषारी आहेत, त्यामुळे पुढे फळांविषयी जे लिहिले आहे ते दोघांनाही लागू समजावे.

कोणते पान, कोणत्या बाजूने, कोणत्या महिन्यात

पिवळे पान दिसताच पाण्याचा पाइप हातात घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत: शेंड्याचे पान पिवळे आहे की बुडाचे, पिवळेपणा शिरांमधून आहे की कडेकडेने, आणि महिना कोणता आहे.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जाळी रेखावी तशा दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. मातीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे आणि जड पाण्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. आपल्या भागातील सर्वांत नेहमीची तक्रार हीच आहे, आणि पाणी वाढवल्याने ती वाढतेच, कारण प्रत्येक बादलीबरोबर मातीत चुन्याचीच भर पडत असते.

बुडाची जुनी पाने सरसकट फिकट पिवळी होऊन, हात लावताच गळत असतील आणि माती ओली असेल, तर मुळे गुदमरत आहेत असे समजावे. याच अवस्थेत दुपारी शेंडा मान टाकतो, आणि पाहणाऱ्याला झाड तहानलेले वाटते. ओल्या मातीत मान टाकलेले झाड तहानलेले नसते; त्याची मुळे पाणी शोषण्याच्या स्थितीतच उरलेली नसतात.

पानांच्या कडा आणि टोके तपकिरी होऊन कुरकुरीत वाळली असतील, तर झाडाभोवती एक फेरी मारावी. पश्चिमेकडची पानेच जास्त करपली असतील तर ते दुपारच्या उष्ण झळांचे काम आहे. सर्व बाजूंची जुनी पाने सारखीच करपली असतील आणि मातीवर पांढरी पापडी दिसत असेल, तर ते क्षारांचे काम आहे. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन करपण्यांना उपाय अगदी वेगळे आहेत: पहिलीला आडोसा लागतो, दुसरीला गोड पाण्याने माती धुऊन काढावी लागते.

डिसेंबर-जानेवारीत, रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरल्यावर, पाने पिवळी होऊन गळत असतील आणि खोड नखाने खरवडल्यावर आतून हिरवे दिसत असेल, तर काहीच करू नये. दमट, उबदार प्रदेशात बारमाही हिरवी राहणारी ही वनस्पती थंडीच्या मुलखात पाने टाकून विश्रांती घेते. आपली थंडी तिला तेवढी पुरेशी असते. या काळात पानेच नसल्यामुळे तिला पाणी अगदी थोडे लागते. आठ-दहा दिवसांनी माती जेमतेम ओलावली तरी चालते, आणि फाल्गुनात पेरांवर नवे कोंब दिसू लागले की पाणी हळूहळू वाढवावे. माझे पहिले रोप मी याच विश्रांतीच्या काळात बुडवले होते.

उपटून पाहिले तेव्हा

तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, पाचपैकी तीन रोपे मरणाला टेकली होती. शेजारच्या केळीच्या बागेतील नाना रोज येता-जाता सांगत होते, "पाणी वाढवा, गुरुजी. केळीला बघा किती लागतं." आणि मी सकाळ-संध्याकाळ बोअरचा पाइप लावत होतो. अखेर एक रोप खुरप्याने भोवतीची माती सोडवून वर काढले. वरची दोन बोटे माती वाळून भेगाळलेली होती, पण त्याखाली वीतभर खोलीवर माती मळलेल्या कणकेसारखी बोटांना चिकटत होती आणि तिला नाल्याच्या चिखलासारखा वास येत होता. सर्पगंधेचे निरोगी मूळ पिवळसर तपकिरी, बोटाएवढे जाड, सुरकुतलेल्या सालीचे आणि हाताला टणक लागणारे असते. हे मूळ काळपट पडले होते आणि चिमटीत धरताच त्याची साल ओल्या कागदासारखी निसटून आली. आत पांढऱ्या दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरला होता.

वरून कोरडी आणि खालून चिखल, ही काळ्या मातीची फसवी स्थिती आहे. कपाशीला ती माती उत्तम, कारण कपाशीचे मूळ ओलाव्याचा पाठलाग करत खोल जाते. जंगलातील भुसभुशीत थरात वाढणाऱ्या मुळाला तीच माती पावसाळ्यात गुदमरवते आणि उन्हाळ्यात भेगा पडून त्याचे बारीक तंतू तोडते.

आपल्या शेतकऱ्यांकडे या सगळ्यासाठी एक नेमका शब्द आहे: वापसा. माती ओली आहे, पण तिच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, ही ती स्थिती. सर्पगंधेला बारा महिने वापसा लागतो, आणि तिचे पाणी घड्याळावर न ठरवता वापशावर ठरवावे. कुंडीच्या कडेने चार बोटे खोल माती उकरून मुठीत दाबावी. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबताच फुटला तर पाणी देऊ नये, गोळाच होत नसेल तर द्यावे, आणि गोळा दाबूनही नुसता चपटा होत असेल तर आधी निचऱ्याची व्यवस्था करावी. मे महिन्यात चांगल्या मिश्रणातील कुंडीला रोज पाणी लागू शकते, तर काळ्या मातीच्या कुंडीला चार दिवसांनीही ते जास्त होऊ शकते. म्हणूनच "दिवसातून किती वेळा पाणी द्यावे" या प्रश्नाला एक उत्तर नाही.

त्या तिघांपैकी एक रोप मी वाचवू शकलो. कुजलेली मुळे स्वच्छ चाकूने टणक भागापर्यंत कापली, सावलीत दोन तास जखमा सुकू दिल्या, वरची निम्मी पाने काढली, जेणेकरून उरलेल्या मुळांवर ताण पडू नये, आणि नव्या मिश्रणात लावून कुंडी घराच्या उत्तरेच्या भिंतीला ठेवली. सुमारे महिन्याने कोंब आला. बाकीच्या दोघांचे मूळ पूर्ण गेले होते, आणि तशा स्थितीत कोणतेही बुरशीनाशक झाड परत आणत नाही.

माती, पाणी आणि लोह

जमिनीत लावायचे असेल तर आधी फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी तीन-चार तासांत जिरले तर जागा चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी दिसले तर तेथे थेट लावू नये, फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. चुनखडी तपासण्यासाठी कोरड्या मातीच्या चमचाभर ढेकळावर व्हिनेगर टाकावे. ती फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे, आणि अशा मातीत गंधक टाकून पीएच उतरवण्याचा खटाटोप करण्यात फारसा अर्थ नसतो, कारण टाकलेले गंधक त्या चुन्याशी झगडण्यातच संपते. अशा वेळी खोल कुंडी किंवा ग्रो-बॅग हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मूळ सरळ खाली जाते, म्हणून कुंडी निदान चौदा-सोळा इंच खोल असावी.

माझे सध्याचे मिश्रण असे आहे: दोन भाग तांबडी माती, दोन भाग पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत, एक भाग जाडी वाळू, आणि एका मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. वाळूत चुनखडीचे पांढरे खडे असतील तर ते वेचून काढावेत. शेणखत वापरायचे असेल तर जुने, वास नसलेलेच वापरावे. पालापाचोळ्यासाठी सातपुड्याच्या राखीव जंगलात पोते घेऊन जाण्याची गरज नाही. आपल्या अंगणातील आंबा, करंज, चिंच यांचा पाला खड्ड्यात भरून ओला ठेवला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत काळे, मऊ खत तयार होते. जंगलातून सर्पगंधेचे रोप उपटून आणणे तर कटाक्षाने टाळावे. मुळांसाठी झालेल्या अतोनात उपटीमुळे ही वनस्पती अनेक जंगलांतून विरळ झाली, आणि १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटीस या, धोक्यातील वन्यजीव व वनस्पतींच्या व्यापारावरील जागतिक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे.

पाण्याच्या बाबतीत छतावरचे पावसाचे पाणी साठवता आले तर त्यासारखे दुसरे काही नाही. दोनशे लिटरचे एक झाकणबंद पिंप चार-पाच कुंड्यांना उन्हाळ्याचा बराच काळ पुरते, जर ते बोअरच्या पाण्याबरोबर आलटून-पालटून दिले तर. एसीच्या नळीतून गळणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असल्यामुळे चालते. याउलट कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी आणि आरओ यंत्राने बाहेर टाकलेले पाणी या दोन्हींत क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त झालेले असतात. पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने आपण ते कुंड्यांत ओततो, आणि उन्हाळाभर कूलर चालणाऱ्या आपल्या घरांत पाने करपण्याचे हे एक मोठे, पण कोणाच्या लक्षात न येणारे कारण आहे. मातीवर पांढरी पापडी आली असेल तर वरचा बोटभर थर काढून टाकावा, आणि कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट गोड पाणी सावकाश ओतून ते बुडाच्या छिद्रांतून पूर्ण वाहू द्यावे.

लोहाच्या कमतरतेवर तातडीचा उपाय म्हणून एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून ते सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे, आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करावे. सावलीतील पान नाजूक असते, म्हणून पहिल्यांदा निम्म्या मात्रेने एकाच फांदीवर करून पाहावे. फवारणीने तेव्हाची पाने हिरवी होतात, पुढच्या पानांची हमी मिळत नाही. त्यासाठी मुळाकडूनच लोह मिळाले पाहिजे. बाजारात लोहाची चिलेट खते, म्हणजे लोह मुळांना घेता येईल अशा रूपात धरून ठेवणारी खते मिळतात, त्यांतले ईडीटीए प्रकारचे खत आपल्या जास्त पीएचच्या मातीत टिकत नाही, फवारणीला मात्र चालते. मातीत द्यायचे असल्यास ईडीडीएचए प्रकारचे मागावे. ते महाग आहे, पण दोन-चार कुंड्यांना चमचाभर पुरते.

सावली आणि झळ

सकाळी साडेनऊ-दहापर्यंतचे कोवळे ऊन आणि त्यानंतर सावली, ही सर्पगंधेसाठी खानदेशातील योग्य जागा आहे. आंब्याच्या गर्द सावलीत ती जगते, पण पेरे लांबतात, खोड किडकिडीत होते आणि फुले जवळजवळ येत नाहीत. पन्नास टक्क्यांची शेडनेट पुरेशी आहे, मात्र ती झाडापासून निदान तीन फूट वर ताणावी. पानांना टेकलेल्या जाळीखाली हवा कोंडते आणि सावली असूनही पाने शिजतात. सावलीइतकेच महत्त्व आडोशाला आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेकडून येणारी झळ सावलीतील पानांतूनही ओलावा ओढून घेते. माझ्याकडे पश्चिमेला पऱ्हाट्यांचा कूड आहे, आणि कपाशीच्या मुलखात त्याला पैसा लागत नाही. मातीवर वाळलेल्या केळीच्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे, ते खोडाला चिकटू देऊ नये, आणि कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात, म्हणजे त्या आपापसांत ओलावा राखतात. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी चहाएवढे कढत असते. ते बाजूला सोडून मगच झाडाला द्यावे, किंवा पहाटेच पाणी द्यावे.

सगळे केले तरी रोप खुरटेच राहत असेल

मग मुळांवर गाठी आहेत का, ते पाहावे. सर्पगंधा कडधान्याच्या कुळातील नसल्यामुळे तिच्या मुळांवर उपयोगी गाठी येत नाहीत. मण्यांच्या माळेसारख्या फुगीर गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमींच्याच समजाव्यात. हा सूक्ष्म कृमी वांगी आणि टोमॅटोच्या मुळांत सुखाने राहतो, आणि भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या आपल्या भागात परसातील सर्वांत सुपीक दिसणारी माती नेमकी वांग्याच्या वाफ्यातली असते. ती कुंडीत भरू नये. संशय असलेली माती मे महिन्यात हलकी ओली करून, सहा इंचांच्या थरात पसरून, पारदर्शक प्लास्टिकने कडा मातीने बुजवून झाकावी आणि चार ते सहा आठवडे तशीच राहू द्यावी. ज्या उन्हाला आपण एरवी दोष देतो, ते या कामाला फार उपयोगी आहे. पावसाळ्यात पाने गुंडाळून आत राहणारी हिरवी अळी आणि खालच्या पानांवरचे तपकिरी ठिपके यांसाठी ती पाने खुडून नष्ट करणे पुरते.

फळांविषयी

जुन्या झाडाला फुलोऱ्यानंतर वाटाण्याहून किंचित लहान, कधी एकेकटी तर कधी जोडीने चिकटलेली फळे येतात, आणि पिकल्यावर ती जांभळट काळी, चकचकीत होतात. घरात लहान मूल असेल तर या फळांचा विचार झाड आणण्याआधीच करावा. आपल्याकडची मुले शेताच्या बांधावरची पिकलेली कामोणी खातात, आणि झुपक्याने लागलेले काळे, गोल, चमकदार फळ म्हणजे खाऊ, हे त्यांच्या डोळ्यांना माहीत असते. फळ फोडून पाहिल्यास फरक लगेच कळतो: कामोणीत पुष्कळ चपट्या बारीक बिया असतात, सर्पगंधेच्या फळात बोटांना जांभळा डाग पाडणाऱ्या पातळ गराखाली एकच कठीण, सुरकुतलेली आठी असते. तथापि, चार वर्षांच्या मुलाने हा फरक ओळखावा अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

सर्पगंधेच्या सर्व भागांत तीव्र क्षाराभे (अल्कलॉइड) असतात. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या मुळाच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला, १९५२ मध्ये त्या मुळातून रेसरपिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि ज्या गुणामुळे ते औषध ठरले तोच गुण अंदाजाने घेतल्यास जिवावर बेततो. रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, गुंगी येते, नाक चोंदते, उलट्या-जुलाब होतात. मुळाचे चूर्ण घरी करून रक्तदाबासाठी घेणारे लोक मला भेटले आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय, विशेषतः आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, हे कधीही करू नये. मुलाने फळ खाल्ल्याचा संशय आला तर तोंडातील उरलेले फळ बोटाने काढावे, चूळ भरवावी, मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि झाडाची फांदी सोबत घेऊन, गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, लगेच रुग्णालय गाठावे. लक्षणे दिसण्याची वाट पाहत घरी थांबू नये.

सर्वांत सोपा प्रतिबंध असा आहे की फुलोरा दिसताच खुडून टाकावा. मुळांच्या उत्पादनासाठी लागवड करणारेही फुले काढतात, कारण त्यामुळे अन्न मुळाकडे वळते. म्हणजे आपण मुलांसाठी जे करतो ते झाडालाही मानवते. खुडताना निघणारा पांढरा चीक डोळ्यांना लागू देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. माझा नातू सुट्टीला येतो त्या आठवड्याआधी मी सर्व कुंड्यांची पाहणी करतो आणि एखादा झुपका बियांसाठी राखलाच असेल तर त्याला पातळ कापडाची पिशवी बांधतो.

बी का उगवत नाही

बियांसाठी राखलेल्या फळांचीही दरवर्षी एक तक्रार असते: शंभर पेरल्या तर वीस-पंचवीसच उगवतात. यात पेरणाऱ्याचा दोष थोडा आणि बियांचा जास्त आहे. कित्येक आठ्या आतून पोकळ असतात, बाकीच्यांचे कवच कठीण असते, आणि जुन्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने उतरते. म्हणून पूर्ण काळे पडलेले फळच घ्यावे, हातमोजे घालून गर चोळून धुवावा, बी सावलीत वाळवावे आणि येणाऱ्या हंगामातच पेरावे. पेरणीआधी लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगते ते काढून टाकावे, बुडते ते साध्या पाण्यात तीन-चारदा धुऊन मग एक दिवस-रात्र भिजत ठेवावे. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी, सावलीत, वाळूमिश्रित पालापाचोळ्याच्या खतात ते बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल पेरावे. पहिले कोंब पंधरा-वीस दिवसांनी दिसतात आणि उरलेले पुढे महिनाभर एकेक करून येत राहतात, त्यामुळे तीन आठवड्यांनी निराश होऊन ट्रे उलटा करू नये. गेल्या वर्षी माझ्या ट्रेमधील शेवटचे रोप नागपंचमीच्या सुमारास उगवले. रोपांना चार ते सहा पाने आली की ती मोठ्या कुंडीत हलवावीत, आणि ट्रेमधील उरलेल्या, न उगवलेल्या बिया अंगणात न झटकता खोल खड्ड्यात पुराव्यात.